पॅथॉलॉजीचे शब्द पाठ हायेत पण स्लाइड समोर आली की काहीच सुचंना, काय करावं?

जिंतूरकर_सेकंडइयर

नमस्कार सगळ्यांना. मी एमबीबीएस सेकंड इयरला आहे, मराठवाड्यातल्याच एका सरकारी कॉलेजला. दहावीपर्यंत झेडपीची शाळा, मराठी मीडियम, मग लातूरला नीटचे क्लास. फर्स्ट इयरचं अ‍ॅनाटॉमी फिजिओलॉजी कसंबसं निघालं पण हे पॅथॉलॉजी, म्हणजे रोगानं पेशींत काय बदल होतात ते शास्त्र, डोक्यात बसंना गेलंय. वहीत मोठी लिस्ट केलीय, इटिस म्हणजे सूज, ओमा म्हणजे गाठ, ऑसिस म्हणजे अमुक, पेनिया म्हणजे कमी, हायपर म्हणजे जास्त, सगळं तोंडपाठ आहे, झोपेत विचारलं तरी सांगतो. पण प्रॅक्टिकलला मायक्रोस्कोपला डोळा लावला की नुसतं गुलाबी आन् जांभळं दिसतं आणि लिस्टमधला एकही शब्द मदतीला येत नाही.

त्यात आणि घोळ असा की ओमा म्हणजे ट्युमर असं लिहिलंय तर मग ग्रॅन्युलोमा ट्युमर का नाही? हिमॅटोमा का नाही? मेलॅनोमा बिनाइन म्हणजे निरुपद्रवी का नाही? हायपरट्रॉफी आणि हायपरप्लेझिया दोन्हीत अवयव मोठाच होतो मग दोन शब्द कशाला? मेटाप्लेझिया, डिस्प्लेझिया, अ‍ॅनाप्लेझिया तर मला एकाच घरातले भाऊ वाटायलेत. सीनियर म्हणायलेत पाठ कर, होतंय आपोआप. ते आपोआप कधी होतं ते कुणी सांगंना. टर्मिनल परीक्षा जवळ आलीय, कुणी नीट मार्ग सांगितला तर बरं होईल.

पॅथो_पीजी_अंबाजोगाई

भौ, पहिले तर ती वही बाजूला ठेव. वाईट आहे म्हणून नाही, तू ती उलटीकडून वापरायलास म्हणून. तू शब्द घेऊन स्लाइडमधे तो शोधायला जातोस. स्लाइडमधे शब्द नसतो, पेशी असतात. त्यांचं काय झालंय ते आधी साध्या मराठीत स्वतःला सांग, शब्द नंतर चिकटव. समोर काय दिसतंय तेच सांगता येत नसेल तर शब्द येऊन पण काही उपयोग नाही, परीक्षक दुसऱ्याच प्रश्नाला पकडतो.

आधी रंगाचं सांगतो कारण तू गुलाबी जांभळं म्हणालास. ते एच अँड ई स्टेन, म्हणजे पेशी दिसाव्यात म्हणून दिलेला रंग असतो. हिमॅटॉक्सिलिननं न्यूक्लियस (पेशीचं केंद्र) निळा जांभळा होतो, इओसिननं सायटोप्लाझम (पेशीतला बाकीचा भाग) आणि बाहेरचे धागे गुलाबी. मग लो पॉवरवर जिथं जांभळं जास्त दिसतं तिथं पेशींची गर्दी आहे, किंवा पेशी आहेत तेवढ्याच पण न्यूक्लियस मोठे झालेत. आणि जिथं नुसतं सपाट गुलाबी दिसतं, न्यूक्लियस कुठंच नाहीत, तिथं काहीतरी मेलेलं असू शकतं किंवा फायब्रोसिस (धागे साठून घट्ट होणं) झालेला असू शकतो. एवढं जरी आधी बघितलंस ना, अर्धं काम झालं. लोक काय करतात, बसल्या बसल्या फोर्टी एक्स लावतात आणि एका पेशीत हरवून जातात. फोर एक्सवर आधी अवयव ओळख, मग नॉर्मल काय गायब आहे ते बघ, मग नवीन काय आलंय ते.

आता तुझा ग्रॅन्युलोमा. ओमाचा जुना ग्रीक अर्थ नुसता फुगवटा, गाठ. गाठ कशाची ते त्यात सांगितलेलंच नाही. म्हणून रक्त साठून झालेली गाठ हिमॅटोमा, आणि मॅक्रोफेजनं (जंतू, कचरा गिळणाऱ्या पेशींनी) मिळून केलेली गाठ ग्रॅन्युलोमा. दोन्हीत नवीन पेशींची बेलगाम वाढ नाही म्हणून निओप्लाझम म्हणजे खरा ट्युमर नाही. ग्रॅन्युलोमा म्हणजे क्रॉनिक इन्फ्लमेशनचा (जुनाट दाहाचा) एक प्रकार. आपल्याकडं मानेतल्या गाठीची एफएनएसी (बारीक सुईनं ओढून काढलेलं सॅम्पल) आली की बऱ्याचदा हेच निघतं, टीबीचा लिम्फ नोड. स्लाइडवर काय दिसंल, मधे सपाट गुलाबी दाणेदार भाग, न्यूक्लियस नाहीत, तो केसियस नेक्रोसिस, म्हणजे मेलेला भाग. पुस्तकात चीजसारखं लिहिलंय, आपल्याकडं चीज कुणी बघितलंय, कुस्करलेलं पनीर डोळ्यासमोर आण. त्याच्याभोवती लांबट, चपलेच्या तळासारख्या न्यूक्लियसच्या पेशी, त्या एपिथेलॉइड सेल म्हणजे रूप बदललेले मॅक्रोफेज. त्यात मधूनच एक भलीमोठी पेशी, तिचे न्यूक्लियस कडेला नालेसारखे लागलेले, ती लँगहान्स जायंट सेल. आणि सगळ्यात बाहेर लिम्फोसाइटची (पांढऱ्या पेशींचा एक प्रकार) कड. हे चारही दिसले की टीबी म्हणायचा मोह होतोय पण लगेच म्हणायचं नाही. आधी टीबीचे जंतू दाखवणारा झेडएन स्टेन लावून अ‍ॅसिड फास्ट बॅसिलाय शोधायचे, कारण ग्रॅन्युलोमा लेप्रसीत होतो, सारकॉइड नावाच्या आजारात होतो, आत राहिलेल्या टाक्याच्या धाग्याभोवती पण होतो. आणि हो, लँगहान्स आणि लँगरहान्स वेगळे. लँगरहान्स सेल त्वचेत असते, आयलेट्स ऑफ लँगरहान्स पॅनक्रियाजमधे. व्हायव्हाला (तोंडी परीक्षेला) दरसाली कुणीतरी यात सापडतंय.

ट्युमरच्या नावाचं म्हणशील तर, बिनाइनला बहुतेक वेळा पेशीचं नाव आणि पुढं ओमा, लायपोमा, फायब्रोमा, अ‍ॅडिनोमा. मॅलिग्नंट म्हणजे कॅन्सरचा ट्युमर एपिथेलियमचा (त्वचा, अस्तर, ग्रंथी यांच्या पेशींचा) असला तर कार्सिनोमा, मेसेन्काइमचा म्हणजे हाड, स्नायू, चरबी, फायबर यांचा असला तर सार्कोमा. इथपर्यंत नियम सरळ आहे. मग नियमाला न जुमानणारे चार जण येतात, मेलॅनोमा, लिम्फोमा, सेमिनोमा, मेसोथेलिओमा. नाव गरीब, वागणं मॅलिग्नंट. हे चार पाठच कर, यांना लॉजिक लावत बसू नको. आणि ल्युकेमियात तर बऱ्याचदा गाठच नसते, म्हणून त्याचं नाव गाठीवरनं नाहीच, रक्तावरनं आहे.

इटिसचं पण तसंच. इटिस लागलं म्हणजे इन्फ्लमेशन हे खरं, पण इन्फ्लमेशन असलं की इटिस लागंलच असं नाही. न्यूमोनियात कुठं आहे इटिस? त्यापेक्षा इन्फ्लमेशन नेमकं काय ते धर. सेल्ससनं पहिल्या शतकात लिहून ठेवलेली चार लक्षणं, लाली, सूज, उष्णता, वेदना, आणि पुढं जोडलेलं पाचवं, काम बंद पडणं. प्रत्येकाचं कारण सांगता आलं पाहिजे. लाली आणि उष्णता रक्तवाहिन्या रुंदावल्यामुळं, सूज वाहिनीतनं प्रोटीनवालं पाणी बाहेर झिरपल्यामुळं, वेदना प्रोस्टाग्लॅंडिन आणि ब्रॅडिकायनिनमुळं. आणि पेशी कोणत्या येतात तर साधारण पहिल्या ६ ते २४ तासात न्यूट्रोफिल या पांढऱ्या पेशी, पुढच्या २४ ते ४८ तासात मोनोसाइट येऊन मॅक्रोफेज होतात. एवढं कळलं तर अपेंडिक्सच्या स्लाइडवर मस्क्युलॅरिसमधे (स्नायूच्या थरात) न्यूट्रोफिल दिसल्या दिसल्या तुला अ‍ॅक्यूट अपेंडिसायटिस म्हणता यील, लिस्ट आठवायची गरजच पडणार नाही.

लॅबवाले_काका_लातूर

डॉक्टर साहेबांचं सगळं बरोबर आहे पण वही बाजूला ठेव म्हणू नका हो. आमच्या डीएमएलटीच्या (लॅब टेक्निशियन कोर्सच्या) पोरांना त्या लिस्टशिवाय दुसरा आधारच नसतो, आणि सीबीसी (रक्तपेशी मोजणीचा) रिपोर्ट वाचायला ती लिस्टच लागते. फक्त लिस्ट रिपोर्टवर बसवून बघा. ल्युकोपेनिया (पांढऱ्या पेशी कमी), ल्युकोसायटोसिस (पांढऱ्या जास्त), थ्रॉम्बोसायटोपेनिया (प्लेटलेट कमी), एकदा नॉर्मल आकडे डोक्यात असले की शब्द आपोआप उलगडतो. डब्ल्यूबीसी (पांढऱ्या पेशी) ४००० ते ११०००, प्लेटलेट दीड लाख ते साडेचार लाख, एमसीव्ही (लाल पेशीचा सरासरी आकार) ८० ते १००. एमसीव्ही ८० च्या खाली म्हणजे मायक्रोसायटिक, पेशीत मधला फिकट भाग वाढला की हायपोक्रोमिक, दोन्ही जुळले की लोहाची कमी हे पहिलं डोक्यात यायला पाहिजे आणि थॅलॅसीमिया ट्रेट दुसरं. १०० च्या वर गेला तर मॅक्रोसायटिक, मग स्मिअरवर (काचेवर पसरलेल्या रक्तावर) न्यूट्रोफिल बघायचे, पाच पाच सहा सहा लोब दिसले तर बी ट्वेल्व्ह नाहीतर फोलेट. आपल्या भागात बी ट्वेल्व्ह कमी असलेले पेशंट लई दिसतात, त्यात कधी कधी तिन्ही पेशी कमी होतात, त्याला पॅनसायटोपेनिया म्हणायचं, आणि नातेवाईक गूगल करून ब्लड कॅन्सर ब्लड कॅन्सर करत रडत येतात.

आता एक मशीनची गंमत सांगतो जी पुस्तकात एका ओळीत उरकलेली असते. डेंग्यूच्या सीझनला एक पेशंट आला, ताप नाही, पुरळ नाही, चांगला चालत आलेला, आणि मशीन म्हणायलंय प्लेटलेट चाळीस हजार. असलं काही दिसलं की रिपोर्ट सोडायचा नाही, स्मिअर करायचा. स्मिअरच्या शेपटाकडं बघितलं तर प्लेटलेटचे झुबके झुबके. जांभळ्या झाकणाच्या ट्यूबमधल्या ईडीटीएमुळं काही लोकांच्या प्लेटलेट एकमेकीला चिकटतात आणि मशीनला त्या मोजता येत नाहीत. त्याला सूडोथ्रॉम्बोसायटोपेनिया म्हणतात. निळ्या झाकणाच्या सायट्रेट ट्यूबमधे परत सॅम्पल घेतलं की बहुतेक वेळा काउंट नीट येतो, फक्त सायट्रेटच्या पाण्यानं रक्त पातळ होतं म्हणून आलेल्या आकड्याला १.१ नं गुणायचं.

आणि गुलाबी जांभळ्याचं म्हणालास तर रक्ताच्या स्मिअरचा रंग पाण्यावर असतोय बाबा. लिशमन स्टेन टाकला, दोन मिनिटं थांबलं, मग दुप्पट बफरचं पाणी. हे पाणी पीएच ६.८ चं पाहिजे. आमच्याकडं एक पोरगं नवीन होतं, त्यानं सरळ बोअरचं पाणी वापरलं. लातूरचं बोअरचं पाणी किती जड ते इथल्या माणसाला सांगायची गरज नाही, बादलीला पांढरी पापडी धरती. त्या अल्कलाइन पाण्यानं सगळ्या आरबीसी निळसर राखाडी दिसायल्या आणि इओसिनोफिलचे दाणे ओळखू येईनात, आणि ते पोरगं म्हणतंय सगळ्याच पेशंटला पॉलिक्रोमेझिया (निळसर दिसणाऱ्या कोवळ्या आरबीसी) आहे. म्हणून एखादा शब्द वापरायच्या आधी स्टेन नीट झालाय का ते बघत जा. उन्हाळ्यात तर अजून एक, मेमधे स्टेन स्लाइडवरच वाळतोय आणि काळे दाणे राहतात, त्याला नवशिके मलेरियाचं पिगमेंट समजतात.

डेंटल_बीड

मी दातांचा डॉक्टर आहे, बीडात छोटं क्लिनिक आहे. मेटाप्लेझिया डिस्प्लेझियाचं मी सांगतो कारण आमच्या खुर्चीवर रोज तेच बसलेलं असतं.

मेटाप्लेझिया म्हणजे एका प्रकारच्या पिकलेल्या (पूर्ण वाढ झालेल्या) पेशींच्या जागी दुसऱ्या प्रकारच्या पिकलेल्या पेशी येणं. बिडी ओढणाऱ्याच्या श्वासनळीत केसवाल्या उभ्या पेशी जाऊन स्क्वेमस (चपट्या) येतात. पेशी आपल्या जागी व्यवस्थित आहे, फक्त घर चुकलंय. आणि कारण थांबलं तर परत फिरू शकतंय. डिस्प्लेझियात पेशीच बिघडायला लागतात, न्यूक्लियस मोठे, काळे, एकसारखे नाहीत, खालच्या थरात जे मायटोसिस (पेशी विभाजन) पाहिजे ते वर वर चढतंय. संपूर्ण जाडी बिघडली पण बेसमेंट मेम्ब्रेन (खालचा पडदा) शाबूत असलं तर कार्सिनोमा इन सिटू. ते मेम्ब्रेन फोडून पेशी खाली उतरल्या की इनव्हेजिव्ह. अ‍ॅनाप्लेझिया म्हणजे पेशीला आपण कोण ते सांगताच येईना अशी अवस्था, ते कॅन्सरमधेच.

आता आमच्याकडचं. पंचविशीतला पोरगा येतो, तोंडात दोन बोटं जात नाहीत, तिखट खाल्लं की आग होते. महाराष्ट्रात गुटखा २०१२ पासून बंद आहे पण कुठल्याही फाट्यावर उभं राहून बघा. त्याच्या गालात आतून बोट फिरवलं की उभ्या दोऱ्या हाताला लागतात. तो ओरल सबम्युकस फायब्रोसिस. नावातच सगळं आहे, तोंडात, म्युकोसाच्या (आतल्या अस्तराच्या) खाली, फायब्रोसिस. लोक म्हणतात तंबाखूमुळं, पण या रोगाचा मुख्य गुन्हेगार सुपारी आहे, त्यातलं अरेकोलिन फायब्रोब्लास्टकडून कोलॅजन वाढवून घेतं. नुसती गोड सुपारी खाणाऱ्याला पण होतोय हे सांगितलं की पेशंट बघतच राहतो. बायोप्सी पाठवली की रिपोर्टमधे येतं, एपिथेलियम अ‍ॅट्रॉफिक, खाली हायलिनाइज्ड कोलॅजन, आणि मग ती एक ओळ जी मी आधी शोधतो, डिस्प्लेझिया आहे का नाही.

ल्युकोप्लेकियाबद्दल एक ध्यानात ठेव. तो डोळ्यानं बघून द्यायचा शब्द आहे, मायक्रोस्कोपचा नाही. पुसून जात नाही आणि दुसऱ्या कुठल्या रोगात बसत नाही असा पांढरा डाग म्हणजे ल्युकोप्लेकिया. स्लाइडवर त्याखाली नुसतं केराटिन जाड झालेलं निघू शकतं किंवा सरळ कॅन्सर पण निघू शकतो. म्हणून पॅथॉलॉजिस्टनं रिपोर्टमधे ल्युकोप्लेकिया लिहून पाठवलं की माझं डोकं फिरतंय, ते तर मीच लिहून पाठवलं होतं ना, खाली काय आहे ते सांगा की.

सिस्टर_हिंगोली

पोरा एवढ्या मोठ्या उत्तरांत आमचं बारकं. वॉर्डात काम करताना शब्दांच्या शेवटी लागणारे तीन तुकडे गोंधळवतात. टॉमी म्हणजे कापून उघडणं, लॅपरॉटॉमी. एक्टॉमी म्हणजे काढूनच टाकणं, अपेंडिसेक्टॉमी. स्टॉमी म्हणजे बाहेर तोंड करून ठेवणं, कोलोस्टॉमी. ओटी लिस्टवर एक अक्षर चुकलं तर केवढा घोळ, म्हणून आम्ही दोनदा वाचतो. लघवीचे शब्द इनटेक आउटपुट चार्टवर शिक, दिवसाला ४०० मिली च्या खाली ऑलिग्युरिया, १०० च्या खाली अ‍ॅन्युरिया. डिस्युरियात प्रमाणाचा काही संबंध नाही, तिथं जळजळ आहे.

आणि डॉक्टर झाल्यावर एक कर रे बाबा, बायोप्सीचा तुकडा सलाइनमधे टाकून पाठवू नको. १० टक्के फॉर्मॅलिन, तुकड्याच्या निदान दहापट, रुंद तोंडाची बरणी, वर नाव. आमच्याकडं नातेवाईकाच्या हातात बरणी देतात आणि तो एसटीनं जिल्ह्याला जातो, उन्हाळ्यात सलाइनमधला तुकडा तिथं पोचेपर्यंत सडलेला असतो. मग रिपोर्टमधे येतं ऑटोलिसिस. तो शब्द मी पुस्तकात नाही, असल्या रिपोर्टमधे शिकले.

जिंतूरकर_सेकंडइयर

सगळ्यांचे लई आभार, एवढं क्लासमधे पण कुणी सांगितलं नव्हतं. ग्रॅन्युलोमाचं आता डोळ्यासमोर आलं. सिस्टर, ऑटोलिसिस आणि नेक्रोसिस वेगळे कसे ओळखायचे? आणि ते हायपरट्रॉफीचं राहिलंच. अजून एक, रिपोर्टमधे क्रॉनिक सर्व्हिसायटिस (गर्भाशयाच्या तोंडाची जुनी सूज) लई वेळा दिसतंय, आमच्या गावच्या बायांचे रिपोर्ट मी वाचतो त्यात जवळजवळ सगळ्यात आहे. एवढ्या सगळ्यांना खरंच आजार असतोय का?

पॅथो_पीजी_अंबाजोगाई

ऑटोलिसिसचं मी सांगतो. नेक्रोसिस जिवंत माणसात होतो, म्हणून भोवतीच्या जिवंत टिश्यूची प्रतिक्रिया दिसते, न्यूट्रोफिल, लाली, मॅक्रोफेज. ऑटोलिसिसमधे तुकडा बाहेर काढल्यावर आपल्याच एन्झाइमनं विरघळतो, प्रतिक्रिया द्यायला कुणी शिल्लकच नाही. पेशी सगळीकडं सारख्या पुसट.

हायपरट्रॉफी म्हणजे आहे तीच पेशी मोठी, हायपरप्लेझिया म्हणजे पेशींची संख्या जास्त. मग विचार कर की ती पेशी विभाजन करू शकते का. हृदयाचा स्नायू जवळजवळ नाही करू शकत, म्हणून बीपीवाल्याच्या हृदयात हायपरट्रॉफीच होणार. प्रोस्टेटच्या ग्रंथी करतात, म्हणून बीपीएच (म्हातारपणी प्रोस्टेट वाढणं) मधला एच हायपरप्लेझियाचा, वॉर्डात सगळे हायपरट्रॉफी म्हणोत. गरोदरपणात गर्भाशयात दोन्ही एकदम. परीक्षक हाच प्रश्न फिरवून विचारतो.

क्रॉनिक सर्व्हिसायटिसचं चांगलं पकडलंस. मूल झालेल्या बाईच्या सर्व्हिक्समधे थोडे लिम्फोसाइट आणि प्लाझ्मा सेल (जुन्या सुजेत दिसणाऱ्या पेशी) जवळजवळ नेहमीच असतात. आम्ही दिसलं ते लिहितो. त्याचा अर्थ गर्भपिशवी काढायला पाहिजे होती असा होत नाही. २०१९ ला बीडच्या ऊसतोड बायांच्या गर्भपिशवीच्या ऑपरेशनांची चौकशी करायला सरकारनं समिती नेमली होती, आठवत असंल. शब्द रिपोर्टवर आहे म्हणजे उपचाराचं कारण मिळालं असं समजणारे लोक आपल्यातच आहेत. पेशंटला वाटतं केवढा मोठा आजार निघाला, काढली ते बरं झालं. कुणी रिपोर्ट घेऊन तुझ्याकडं आलं तर आधी ऑपरेशन कशासाठी केलं ते विचार, रिपोर्ट मग वाच.

जिंतूरकर_सेकंडइयर

हे कुणी बोलतच नाही. शेवटचं विचारतो सर, व्हायव्हात अवयवाच्या नमुन्याची बरणी हातात दिली तर सुरुवात कुठून करू? मी तर थेट डायग्नोसिस सांगून मोकळा होतो.

पॅथो_पीजी_अंबाजोगाई

डायग्नोसिस शेवटी. समज लिव्हर दिलं. हा लिव्हरचा नमुना आहे, बाहेरची कड आणि कॅप्सूल अशी अशी दिसते, आकार लहान झालाय, पृष्ठभाग गाठीगाठीचा आहे, कापलेल्या बाजूला पण गाठी आहेत आणि मधे फायब्रोसिसचे पट्टे आहेत, हे सगळीकडं सारखं पसरलंय, एका जागी गाठ नाही. मग म्हणायचं, म्हणून सिरोसिस. गाठी ३ मिमी पेक्षा लहान असतील तर मायक्रोनोड्युलर, मोठ्या असतील तर मॅक्रोनोड्युलर. आणि परीक्षक चांगल्या मूडमधे असला तर विचारंल नाव कुणी दिलं, तर लेनेकनं, १८१९ ला, लिव्हरच्या पिवळट तांबूस रंगावरनं. स्टेथोस्कोप काढणारा तोच. रंग मात्र फॉर्मॅलिनच्या बरणीत सांगू नको, फॉर्मॅलिननं सगळंच राखाडी होतं, आणि तिथं बऱ्याच जणांचे मार्क जातात.